टॅबमधील ध्वनिमुद्रणे संगणकावर घेणे व संगणकाच्या आवाजातील दोष दूर करणे

प्राथमिक शाळेत ध्वनीचे साहाय्य घेणे ही काही नवी गोष्ट नव्हे. रेडिओवरील शालेय कार्यक्रम वर्गात ऐकविण्याची प्रथा जुनीच आहे. पूर्वी मात्र शाळा केवळ ऐकत असे. टॅब हाती आल्यापासून ती स्वतःचा आवाजही मुद्रित करू लागली आहे. मुलांचे वाचन, त्यांनी म्हटलेल्या कविता, गावातील वृद्ध स्त्रियांच्या ओव्या, परिसर अभ्यासासाठी घेतलेल्या मुलाखती, असा पुष्कळ संग्रह शाळेच्या टॅबमध्ये आज साठत आहे. तो सुरक्षित ठेवणे आणि वेळेवर ऐकविता येणे, ही दोन कामे शिक्षकास स्वतः करता आली पाहिजेत. दोन्ही कामे अवघड नाहीत. परंतु ती क्रमाने न केल्यास हानी होते.

उदाहरणार्थ, एका द्विशिक्षकी शाळेत तिसरीच्या शिक्षिकेने जुलै महिन्यात प्रत्येक मुलाचे दोन मिनिटांचे प्रकट वाचन टॅबवर मुद्रित केले आहे, असे समजू. मार्च महिन्यात तीच मुले पुन्हा वाचणार आणि पालकसभेत प्रत्येकाची दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकविली जाणार, अशी तिची योजना. शब्दावर बोट ठेवून अक्षर अक्षर जुळविणारे मूल आठ महिन्यांत किती सरळ वाचू लागले, हे पालकांना प्रगतिपत्रकावरील श्रेणीपेक्षा कानांनी अधिक चांगले कळते. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही ते कळते. या योजनेस दोन ठिकाणी धोका संभवतो. दिवाळीच्या सुमारास टॅबमधील जागा भरते आणि जागा करण्यासाठी कोणी तरी जुन्या फाइली पुसून टाकते, हा पहिला. पालकसभेच्या दिवशी सर्व मंडळी जमल्यावर संगणकातून आवाजच येत नाही, हा दुसरा. दुसऱ्या संकटावर थोड्या वेळात उपाय सापडतो; पहिल्यावर सापडत नाही. जुलैमधील वाचन मार्चमध्ये पुन्हा मुद्रित करता येत नाही. म्हणून आधी पहिल्या कामाचा विचार करू.

१. जागेचा हिशेब

फाइली केव्हा हलवाव्यात, हे ठरविण्यासाठी त्या किती जागा व्यापतात याचा अंदाज असावा. सामान्य संकुचित स्वरूपातील ध्वनिमुद्रण सेकंदास १२८ किलोबिट या प्रमाणात केल्यास एका मिनिटास जवळजवळ १ एमबी जागा लागते. ४० मुलांचे प्रत्येकी दोन मिनिटांप्रमाणे ८० मिनिटांचे वाचन झाले, तर सुमारे ७७ एमबी जागा पुरते. तेच मुद्रण असंकुचित स्वरूपात, म्हणजे ध्वनितबकडीच्या दर्जाचे दोन वाहिन्यांचे केल्यास, मिनिटास सुमारे १०.६ एमबी या हिशेबाने ८५० एमबीच्या घरात जाते. वाचनाच्या नोंदीसाठी संकुचित स्वरूप पुरेसे आहे. चलच्चित्राचा खर्च मात्र फार मोठा. चांगल्या दर्जाच्या एका मिनिटाच्या चित्रणास १०० ते १३० एमबी जागा सहज लागते. टॅब लवकर भरतो तो बहुधा चित्रणांमुळे, आणि जागा करण्याच्या घाईत बळी पडतात ती लहानशी ध्वनिमुद्रणे. हा हिशेब मुलांकडून गणिताच्या तासाला करवून घेतल्यास त्यांनाही त्याचा लाभ होईल.

२. केबलची परीक्षा

टॅब संगणकास जोडण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे यूएसबी केबल होय. परंतु दिसायला सारख्या असणाऱ्या सर्व केबली एकाच गुणाच्या नसतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन वीज वाहून नेतात आणि दोन माहिती. बाजारातील काही स्वस्त केबलींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलीने टॅब चार्ज होतो, पण संगणकास तो दिसत नाही. टॅब चार्ज होतो आहे म्हणजे केबल चांगली आहे, असा निष्कर्ष काढू नये. टॅबबरोबर आलेली मूळ केबल वेगळी ठेवून तिच्यावर चिठ्ठी लावावी आणि ती फाइली घेण्याच्या कामासाठीच राखावी.

३. फाइली संगणकावर घेण्याची रीत

येथे दिलेली रीत एंड्रॉइड प्रणालीचा टॅब व विंडोज प्रणालीचा संगणक यांसाठी आहे. टॅबच्या बनावटीनुसार शब्द थोडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

(अ) टॅब व संगणक दोन्ही सुरू करून केबल जोडावी. टॅबचे कुलूप उघडून ठेवावे. कुलूप बंद असताना जोडणी केल्यास संगणकावर टॅबचे नाव दिसते, परंतु आतील फोल्डर रिकामे दिसतात. त्यावरून फाइली नाहीशा झाल्या असे समजून घाबरू नये.

(आ) टॅबच्या पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढावे. तेथे हे उपकरण यूएसबीने चार्ज होत असल्याची सूचना दिसते. तिच्यावर बोट ठेवून 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा. केबल जोडल्यावर टॅब आपण होऊन केवळ चार्जिंग स्वीकारतो. कोणत्याही परक्या संगणकाने मालकाच्या अनुमतीवाचून फाइली वाचू नयेत, यासाठी ही योजना आहे. म्हणून ही निवड बहुधा दर वेळी करावी लागते.

(इ) संगणकावर 'फाइल एक्सप्लोरर' उघडून 'धिस पीसी' येथे जावे. तेथे टॅबचे नाव दिसेल. त्याच्या आत अंतर्गत साठ्याचे फोल्डर असतात. कॅमेऱ्याची छायाचित्रे व चित्रणे 'डीसीआयएम' या फोल्डरात, उतरवून घेतलेल्या फाइली 'डाउनलोड' मध्ये, आणि ध्वनिमुद्रणे बहुधा 'रेकॉर्डिंग्ज' अथवा 'म्युझिक' मध्ये सापडतात. ध्वनिमुद्रणाचे काही ॲप आपल्या फाइली स्वतःच्या फोल्डरात ठेवतात. तसे असल्यास त्या ॲपमधूनच 'शेअर' हा पर्याय वापरून फाइल बाहेर काढावी.

(ई) संगणकावर आधी एक नवे फोल्डर तयार करावे आणि मगच टॅबमधील फाइली निवडून त्यांची प्रत तेथे करावी. येथे 'कट' ही आज्ञा वापरू नये. 'कॉपी' हीच वापरावी. 'कट' मध्ये फाइल मूळ जागेवरून काढली जाते. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली, तर फाइल धड इकडे नाही व धड तिकडे नाही, अशी स्थिती होऊ शकते. 'कॉपी' मध्ये कितीही अडथळे आले तरी मूळ फाइल टॅबमध्ये शाबूत राहते.

(उ) फाइल टॅबवर असतानाच संगणकावरून उघडून ऐकण्याचा प्रयत्न करू नये. जोडणीच्या या पद्धतीत ती अडखळते व फाइल बिघडली असा भास होतो. प्रथम प्रत करावी, नंतर प्रत उघडावी.

फाइलीस नाव देताना वर्ष प्रथम, नंतर महिना, नंतर दिवस असा क्रम ठेवल्यास सर्व फाइली आपोआप काळानुक्रमे लागतात. उदाहरणार्थ, '२०२५-०७-१४ तिसरी वाचन १२'. तारखेत तिरकी रेघ घालू नये, विंडोज ती फाइलीच्या नावात स्वीकारत नाही. शेवटचा आकडा मुलाच्या हजेरी क्रमांकाचा असावा. मुलाचे पूर्ण नाव फाइलीवर घालू नये, म्हणजे फाइल चुकून बाहेर गेली तरी मूल ओळखले जाणार नाही. मुलांचे आवाज व छायाचित्रे ही शाळेकडे सोपविलेली ठेव आहे. पालकांच्या संमतीवाचून ती कोणत्याही गटावर पाठविणे योग्य नाही.

४. पडताळा आणि दुसरी प्रत

प्रत झाली म्हणजे काम संपले, असे नाही. मूळ फोल्डरात किती फाइली होत्या व नव्या फोल्डरात किती आल्या, हे मोजून पाहावे. संगणकावरील फोल्डरावर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' निवडल्यास फाइलींची संख्या व एकूण आकार दिसतो. त्यानंतर पहिली, मधली व शेवटची अशा तीन फाइली प्रत्यक्ष ऐकाव्यात. ज्या फाइलीचा आकार शून्य दिसेल, तिची प्रत पुन्हा करावी.

पडताळा झाल्यावर तेच फोल्डर एका पेन ड्राइव्हवर घ्यावे आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाच्या खोलीत न ठेवता मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. संगणकाची हार्ड डिस्क केव्हा तरी बिघडणारच, आणि पेन ड्राइव्हही हरवू शकतो. परंतु दोन्ही एकाच दिवशी जाण्याचा संभव फार कमी. दोन ठिकाणी प्रती आहेत, अशी खात्री झाल्यानंतरच टॅबमधील मूळ फाइली पुसाव्यात. पेन ड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' ही आज्ञा द्यावी व मगच तो उपसावा. लिहिणे चालू असताना उपसल्यास शेवटची फाइल अपुरी राहते.

या दक्षतेचे मोल किती, हे महाराष्ट्रातील एका कार्यावरून ध्यानात येईल. गी पोइतवाँ व हेमा राईरकर यांनी ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या गोळा करण्याचे मोठे काम उभारले, आणि एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. गाणाऱ्यांपैकी कित्येक स्त्रिया आता हयात नाहीत. परंतु मुद्रणे जपली गेल्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. शाळेच्या टॅबमधील एखाद्या आजीची ओवी त्याच योग्यतेची असू शकते.

५. केबल नसेल तेव्हा

केबल उपलब्ध नसल्यास अन्य मार्ग आहेत. टॅबच्या छिद्रात बसणारा ओटीजी जोड मिळाल्यास पेन ड्राइव्ह सरळ टॅबलाच लावता येतो आणि संगणक मध्ये न येता प्रत होते. टॅबमध्ये मेमरी कार्ड असल्यास फाइली त्यावर घेऊन कार्ड संगणकास लावता येते. ब्लूटूथने एखादी लहान फाइल पाठविता येते. मात्र संगणकावर प्रथम 'रिसीव्ह फाइल्स' ही आज्ञा देऊन ठेवावी लागते. ब्लूटूथचा वेग फार कमी असल्याने १०० एमबीच्या चित्रणास सात-आठ मिनिटे अथवा अधिक वेळ लागतो. व्हॉट्सॲपने पाठविलेली छायाचित्रे व चित्रणे वाटेत संकुचित होऊन त्यांचा दर्जा उतरतो. पाठवावयाचीच झाल्यास ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावीत. काही टॅबवर पुरवठ्याच्या वेळीच फाइली बाहेर नेण्यास बंदी घातलेली असते. अशा टॅबचे कुलूप फोडण्याचा प्रयत्न न करता टॅब पुरविणाऱ्या यंत्रणेकडे अनुमती मागावी.

६. आवाजाची वाट

आता दुसऱ्या कामाकडे वळू. संगणकातून आवाज येत नाही, एवढ्याने काहीच कळत नाही. तो कोठे अडला, हे शोधावयाचे असते. विहिरीवरील पंप चालू असून शेतात पाणी येत नसेल, तर शेतकरी पाटाच्या कडेने चालत जाऊन फुटलेली जागा शोधतो. येथेही तसेच करावे. आवाजाची वाट अशी: फाइल, ती वाजविणारा प्रोग्राम, संगणकाची प्रणाली, ध्वनियंत्रणा, छिद्र, केबल आणि अखेरीस स्पीकर. या वाटेवर पुष्कळ शिक्षक प्रथम संगणकाच्या अंतर्भागावर संशय घेतात आणि तंत्रज्ञास निरोप पाठवितात. वस्तुतः दोष बहुधा बाहेरच्या टोकास, म्हणजे स्पीकर, केबल अथवा आवाजाच्या बटणात असतो. म्हणून शोध बाहेरून आत करावा.

७. दोष शोधण्याचा क्रम

पहिली पायरी: स्पीकरचे बटण चालू आहे काय, त्याचा दिवा लागला आहे काय व त्याची आवाजाची चकती शून्यावर तर नाही ना, हे पाहावे.

दुसरी पायरी: स्पीकरची पिन संगणकातून काढून टॅबच्या इअरफोनच्या छिद्रात घालावी आणि टॅबवरील फाइल वाजवावी. टॅबला तसे छिद्र नसल्यास मोबाइलचा उपयोग करावा. स्पीकर बोलला, तर स्पीकर व केबल निर्दोष आहेत आणि दोष संगणकाकडे आहे. न बोलल्यास संगणकास हात लावण्याचे कारण नाही. या एका परीक्षेने अर्धे काम होते.

तिसरी पायरी: पिन योग्य छिद्रात आहे काय, हे पाहावे. मेजावरील संगणकाच्या मागे बहुधा तीन रंगीत छिद्रे असतात. हिरवे स्पीकरसाठी, गुलाबी माइकसाठी व निळे बाहेरून आवाज आत घेण्यासाठी असते. साफसफाईनंतर पिन गुलाबी छिद्रात जाणे ही नेहमीची चूक आहे. पिन अर्धवट बसली असल्यासही आवाज येत नाही.

चौथी पायरी: पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर फुली आहे काय, हे पाहावे. असल्यास आवाज बंद केलेला आहे. शिवाय आवाजाचे नियंत्रण एकाच ठिकाणी नसते. प्रणालीचे वेगळे, वाजविणाऱ्या प्रोग्रामचे वेगळे व स्पीकरचे वेगळे असते. तिन्हींपैकी एकही शून्यावर असल्यास शांतता राहते. विंडोजमधील 'व्हॉल्यूम मिक्सर' मध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज स्वतंत्रपणे दिसतो.

पाचवी पायरी: आवाज भलत्याच ठिकाणी तर जात नाही ना, हे पाहावे. प्रोजेक्टर किंवा दूरदर्शन संच एचडीएमआय केबलने जोडला, की संगणक अनेकदा आवाजही तिकडेच पाठवितो. प्रोजेक्टरला स्पीकर नसल्यास तो आवाज कोणासच ऐकू येत नाही. ब्लूटूथचा स्पीकर पूर्वी जोडलेला असून शेजारच्या वर्गात चालू असेल, तर आवाज तेथे जातो. 'सेटिंग्ज' मधील 'साउंड' या भागात 'आउटपुट' येथे योग्य उपकरण निवडावे. पालकसभेच्या दिवशी प्रोजेक्टर जोडल्याबरोबर आवाज जाण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

सहावी पायरी: दुसरी एखादी फाइल वाजवून पाहावी. ती वाजली, तर संगणक ठीक असून दोष पहिल्या फाइलीत अथवा प्रोग्राममध्ये आहे. टॅबवरील काही ध्वनिफाइली संगणकावरील जुन्या प्रोग्रामला कळत नाहीत. व्हीएलसी हा विनामूल्य प्रोग्राम बहुतेक सर्व प्रकारच्या फाइली वाजवितो. तो शाळेच्या संगणकावर असावा.

सातवी पायरी: संगणक 'रीस्टार्ट' करावा. विंडोज १० व ११ मध्ये 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे व 'रीस्टार्ट' करणे यांत भेद आहे. लवकर सुरू होता यावे म्हणून बंद करतेवेळी प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा राखून ठेवला जातो व त्याबरोबर दोषही टिकून राहू शकतो. 'रीस्टार्ट' मध्ये सर्व नव्याने सुरू होते.

आठवी पायरी: एवढे करूनही आवाज नसल्यास 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून ध्वनियंत्रणेच्या नावापुढे पिवळे चिन्ह आहे काय, हे पाहावे. असल्यास तिचा ड्रायव्हर, म्हणजे प्रणाली व यंत्र यांमधील दुभाषी प्रोग्राम, बिघडला आहे. ते नाव निवडून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करावे व संगणक रीस्टार्ट करावा. प्रणाली बहुधा ड्रायव्हर पुन्हा बसविते. येथपर्यंत उपयोग न झाल्यास तंत्रज्ञास बोलवावे आणि कोणत्या पायऱ्या झाल्या, हे त्यास सांगावे.

८. आवाज येतो, परंतु सदोष येतो

स्पीकरमधून सतत घुमणारा गुंग असा नाद येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. नाद थांबल्यास दोष विजेच्या अर्थिंगकडे आहे. प्रोजेक्टर, संगणक व स्पीकर एकाच बोर्डावरून चालवून पाहावेत आणि शाळेचे अर्थिंग जाणकार तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. नाद घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे मात्र सर्वथा वर्ज्य आहे. तो नाद जाईल, परंतु मुलांना विजेचा धक्का बसण्याचा धोका उत्पन्न होईल.

खरखर येत असल्यास पिन फिरवून पाहावी व केबल बदलून पाहावी. मुद्रणच खरखरीत असेल, तर दुरुस्ती संगणकाकडे नाही. जुलै महिन्यात पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना केलेले मुद्रण मागाहून स्वच्छ होत नाही. मुद्रणाच्या वेळी टॅब मुलाच्या तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवावा, माइकचे छिद्र बोटाने अथवा आवरणाने झाकले जाऊ देऊ नये, पंखा बंद करावा आणि आधी अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ऐकावे.

९. सभेपूर्वीची तयारी

वरील सर्व पायऱ्या सभेच्या आदल्या दिवशी, ज्या जोडणीने सभेत ऐकवावयाचे त्याच जोडणीने, प्रोजेक्टर व स्पीकर लावून करून पाहाव्यात. एक मुद्रण वाजवून वर्गाच्या शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावे. आवाज तेथे पोहोचत नसल्यास स्पीकर जमिनीवरून उचलून मेजावर ठेवावा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मुद्रणे संगणकाबरोबर पेन ड्राइव्हवरही जवळ ठेवावीत, म्हणजे संगणक ऐन वेळी बंद पडला तरी ती दुसरीकडे वाजविता येतील.

महिन्याचा शेवटचा शनिवार टॅब रिकामा करण्यासाठी ठरवून ठेवावा व त्या दिवशी किती फाइली संगणकावर व किती पेन ड्राइव्हवर घेतल्या, याची नोंद एका वहीत तारखेसह करावी. शिक्षकाची बदली झाल्यास ती वही व पेन ड्राइव्ह नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावा. तिसरीत मुद्रित झालेले मूल पाचवीत जाते, तेव्हा त्याचे तिसरीतील वाचन त्यालाच ऐकवावे. आपण किती पुढे आलो, हे मुलाला स्वतःच्या कानांनी कळले, म्हणजे पुढचा धडा वाचावयास त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.